विणकामाची अंगठी : ताण सारखा होतो, नेमका होतोच असे नाही

विणताना तर्जनीत घालायची ही अंगठी म्हणजे उघड्या टोकांची धातूची पट्टी आणि तिच्यावर बसवलेले तारेचे वेटोळे. गुंड्यातून येणारी लोकर त्या वेटोळ्यातून ओवून सुईकडे न्यायची, एवढाच तिचा उपयोग. एरवी हे काम बोटेच करतात. धाग्याचा एक वेढा करंगळीला देऊन तो तर्जनीवर आणला जातो आणि किती सोडायचा ते पकडीवर ठरते. ही पकड दिवसभर एकसारखी राहत नाही. घरातली कामे उरकून थकल्या हातांनी विणलेल्या ओळी सैल पडतात, काळजीत विणलेल्या आवळल्या जातात, आणि हाताला घाम आला की धागा बोटालाच अडतो.

अंगठीने हा चढउतार बराच कमी होतो, हे मला सुती धाग्यावर विशेष जाणवले. लोकर मुळात लवचिक असल्याने धुतल्यावर तिचे लहानमोठे टाके पुष्कळसे जुळून येतात. सुती धागा अशी सवलत देत नाही आणि एक बैठक कुठे संपली, दुसरी कुठे सुरू झाली, हे तिऱ्हाइतालाही दिसते. अंगठी वापरून विणलेल्या सुती कापडात ती जागा मला शोधावी लागली.

वेष्टनावर मात्र ‘अचूक ताण’ असे छापले आहे, आणि माझा आक्षेप आहे तो याला. ताण अचूक आहे की नाही, हे 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात यावर ठरते. कृतीत 22 टाके सांगितलेले असताना आपले 24 बसत असतील, तर 220 टाक्यांच्या स्वेटरचा घेर 100 सेंटिमीटरऐवजी जेमतेम 92 भरेल, मग त्यातला टाका न् टाका कितीही सारखा असो. टाके जास्त बसले तर सुई जाड घ्यायची, कमी बसले तर बारीक, हाच त्यावरचा उपाय. आणि त्यासाठी निदान 15 सेंटिमीटरचा चौकोन विणून, धुऊन, सपाट वाळवून, कडेचे टाके सोडून मधल्या भागात मोजण्याचे कंटाळवाणे काम कोणतीही अंगठी वाचवत नाही. उलट तिच्यामुळे हात बदलतो, म्हणून अंगठीशिवाय विणलेला जुना चौकोन बाद समजावा आणि अर्धवट झालेल्या स्वेटरवर ती मध्येच घालू नये.

उलट टाक्यांच्या ओळी सुलट ओळींपेक्षा सैल येत असतील, तर तिचा फायदा बेताचाच होतो. त्या ओळींपुरती थोडी बारीक सुई वापरणे अधिक गुणकारी ठरते.

बनावटीत एक उणीव आहे. पट्टी दाबून बोटाच्या मापाची करता येते हे सोयीचे असले, तरी तिच्या टोकांची धार नीट घासलेली नाही आणि मऊ लोकरीचे तंतू तिथे अडकतात. मोहेरसारखी केसाळ लोकर तर वेटोळ्यातच गुंतते. तिच्यासाठी आपले बोटच बरे. दोन वेटोळ्यांचा प्रकारही मिळतो, आणि दोन रंग एकाच हातावर धरून विणणाऱ्यांनी तोच घ्यावा, कारण त्यात दोन्ही धागे वेगळे राहतात आणि दर थोड्या टाक्यांनी पीळ सोडवत बसावे लागत नाही.