निलगिरी, रेडिआटा, लॅव्हेंडर की बाम? सर्दीसाठी नेमकं काय घ्यावं

चवथ जवळ आली की गोव्यात घरोघरी नाकं वाहायला लागतात. पाऊस उसंत देत नाही, कपडे खोलीतच वाळत घातलेले, आणि एकाची सर्दी उतरायच्या आत दुसऱ्याला धरलेली. अशा दिवसांत नाक मोकळं करायला एखादं सौम्य इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतीतून काढलेलं तीव्र वासाचं तेल, घ्यावं, असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. घ्या, पण कोणासाठी घेताय ते आधी ठरवा. माझ्या मते सगळी निवड तिथेच होते.

मोठ्या माणसासाठी साधं निलगिरी पुरे. फार्मसीत निलगिरी तेल म्हणून मिळतं ते बहुधा युकॅलिप्टस ग्लोब्युलस या जातीचं. त्यातला मुख्य घटक सिनिओल; औषधी दर्जाच्या तेलात तो 70 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. रेडिआटा ही निलगिरीचीच दुसरी जात. तिचा वास मऊ, किंचित गोडसर, ग्लोब्युलससारखा झोंबत नाही, म्हणून ती मुलांसाठी सौम्य सांगून विकली जाते. या सांगण्यावर विसंबू नका. रेडिआटातही मुख्य घटक सिनिओलच, आणि लहान मुलांना अपाय होण्याची भीती असते ती त्याचीच. वास मवाळ म्हणून तेल मवाळ होत नाही. उग्र वासाने तुमचं डोकं चढत असेल तर रेडिआटाचे जादा पैसे जरूर मोजा. बाळासाठी म्हणून मोजू नका.

लॅव्हेंडर खरोखर सौम्य, पण त्याचं काम वेगळं. त्यात सिनिओल अगदी थोडं, त्यामुळे चोंदलेल्या नाकाला त्याचा फारसा उपयोग नाही. वास आवडत असेल तर झोपताना मन शांत व्हायला चालेल, एवढंच.

तसं पाहिलं तर यातलं एकही तेल सर्दी बरी करत नाही. ती विषाणूंमुळे होते आणि बहुतेकांची आठवडा-दहा दिवसांत आपली आपण जाते. बाममध्ये असतं त्या मेंथॉलच्या, म्हणजे पुदिन्यातल्या थंड घटकाच्या, प्रयोगांत तर असं दिसलंय की नाकातून जाणारी हवा मोजली तर तेवढीच भरते, पण माणसाला श्वास मोकळा वाटतो, कारण नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या चेतातंतूंना ते जागं करतं. रात्रभर तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा पडलेल्या माणसाला हे वाटणंही मोठं असतं. त्याला मी कमी लेखणार नाही.

दोन वर्षांवरच्या मुलांसाठी मी बाटलीपेक्षा डबीतला बाम निवडेन. अमेरिकेत 2010 साली 2 ते 11 वयाच्या 138 मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कापूर, मेंथॉल आणि निलगिरी असलेला बाम लावलेली मुलं नुसती पेट्रोलियम जेली लावलेल्यांपेक्षा बरी झोपली, असं आईवडिलांनी सांगितलं. काहींच्या कातडीची, डोळ्यांची आग झाली, हेही त्यात नोंदलंय. बामचा खरा फायदा म्हणजे प्रमाण कारखान्यातच ठरलेलं असतं. बाटलीतून दोनाच्या जागी आठ थेंब पडायला वेळ लागत नाही. छातीवर आणि गळ्यावर लावा, नाकाखाली नको.

दोन वर्षांखाली बामही नको आणि तेलही नको. मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे तयार थेंब फार्मसीत मिळतात, तेच घ्या. तव्यावर शेकलेल्या ओव्याची पुरचुंडी जवळ ठेवायची तर हाताला कोमट लागेल इतपतच, आणि तिच्यात कापूर अजिबात घालू नका.

आता वापरायचं कसं. डिफ्यूझर, म्हणजे तेल पाण्याच्या वाफाऱ्यासोबत खोलीत सोडणारं यंत्र, त्याच्या मी गोव्यात तरी विरुद्ध आहे. पावसात इथली हवा आधीच ओलीचिंब असते, भिंतींना बुरशी धरलेली असते, त्यात खोलीत आणखी वाफारा कशाला? शिवाय दर पावसाळ्यात महिना महिना नाक चोंदत असेल तर ती सर्दी नसून त्या बुरशीचीच ॲलर्जी असू शकते, आणि तिथे तेलाचा उपयोग नाही. उकळत्या पाण्याच्या टोपाची वाफ मोठ्यांनी जपून घ्यावी, मुलांना देऊ नये. टोप कलंडून पोरं भाजतात. मोठ्यांसाठी मला पटलेली रीत सोपी आहे. 30 मिली खोबरेलात निलगिरीचे सहा थेंब, म्हणजे साधारण 1 टक्का. डिसेंबरात खोबरेल थिजलं असेल तर बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ करा, मगच थेंब घाला, नाहीतर ते सारखे मिसळत नाहीत. छातीला चोळा आणि हात साबणाने धुवा, तो डोळ्याला लागता कामा नये. दम्याच्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नये. सोबत गरम कषाय, म्हणजे काढा, किंवा पेज घ्याच.

मूल भराभर श्वास घेतंय, एक ते पाच वर्षांचं असून मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त, किंवा श्वासासरशी बरगड्यांखाली खळगा पडतोय, तर तेल-बाम बाजूला ठेवून थेट डॉक्टर गाठा. बाटली देव्हाऱ्याशेजारी किंवा उशाशी न ठेवता कुलपात ठेवा. निलगिरीचे थोडेसे मिलीलिटर पोटात गेले तरी लहान मुलाला गुंगी येते, आकडी येऊ शकते. असं झालंच तर ओकारी काढू नका, 108 ला फोन करा आणि बाटली सोबत न्या.