कॉल ब्लॉकर ॲप, आठ महिन्यांनंतर: एका वाक्यापुरतं कामाचं

"वर्गणी संपत आली" असा मेसेज काल आला. पैसे भरायच्या आधी हे लिहून टाकतो. फीचर्स सगळ्यांना माहीत आहेत, परत सांगत बसत नाही.

ॲप घेतलं टोनरमुळे, म्हणजे प्रिंटरच्या शाईमुळे. दुकानातल्या मुलीला फोन आला, "मॅडम, सर्व्हिस रेकॉर्ड अपडेट करतोय, तुमच्या प्रिंटरचं मॉडेल कोणतं?" तिने सांगितलं. जाता जाता "आपलं नाव?" तेही सांगितलं. आठवड्याने दोन खोकी हजर. बिलावर ऑर्डर देणार म्हणून तिचंच नाव, दर नेहमीच्या दुप्पट. पोरगी रडकुंडीला आली. खोकी परत घ्यायला लावताना माझा महिना गेला. ही चाल इतकी जुनी की अमेरिकेत व्यावसायिकांना येणारे बहुतेक विक्री-कॉल टेलिमार्केटिंगच्या नियमातून वगळले होते, तरी ऑफिसचं आणि साफसफाईचं सामान विकणाऱ्यांना ती सूट नव्हती. बाकीच्यांच्या थापांवर तिथे २०२४ मध्ये बंदी आली.

पहिले दोन महिने मी खूश. ॲपला नंबर फसवा वाटला की स्क्रीनवर लाल पट्टी, ती दिसली की फोन वाजू द्यायचा. मग कळलं की पट्टी नंबरला लागते, माणसाला नाही. इंटरनेटवरून फोन करणारा हवा तो नंबर दाखवू शकतो. आमच्याच नंबरसारखे सुरुवातीचे आकडे दिसले की आपल्याला वाटतं गिऱ्हाईक आलं. आणि खरं गिऱ्हाईक लाल पट्टीत! एक चांगली ऑर्डर अशीच गेली. तेव्हा एकच स्टार देणार होतो.

मग सहज रेकॉर्डिंग चालू केलं. फोन उचलला की एक बाई सांगते, "हा कॉल रेकॉर्ड होत आहे." दुसऱ्याच दिवशी, "गुगलमधून बोलतोय, तुमचं लिस्टिंग आज संध्याकाळी बंद होतंय." गुगलवर दुकानाचं प्रोफाइल फुकट असतं हे मला पक्कं ठाऊक, तरी पोटात गोळा आलाच. मी नुसतं विचारलं, "सुरुवातीला बाई काय म्हणाली, ऐकलंत ना?" पलीकडे शांतता, मग टूं टूं. तेव्हापासून वहीत रेघा मारतोय. अठरापैकी चौदा जण असेच पळाले. उरलेल्यांतला एक खरा विक्रेता निघाला, हल्ली कागद त्याच्याकडूनच घेतो.

म्हणजे अख्ख्या ॲपात कामाची ती बाई. तीन स्टार, तेही तिला.

पण एक वाक्य बोलायला वर्षाचे पैसे कशाला मोजायचे? पंधरा दिवस झाले, रेकॉर्डिंग बंद करून मीच बोलतोय, वर "जे असेल ते लेखी पाठवा, फोनवर ऑर्डर देत नाही" जोडतो. बाईचा रुबाब माझ्या आवाजाला नाही, पण फोन तितकेच कटतात. वर्गणी भरणार नाही.

मुलीलाही शिकवलंय. परवा बाहेरून दुकानात फोन केला, तर माझा आवाज ऐकूनही तिने आधी वाक्य म्हटलं, मग विचारलं, "आपलं नाव?"