दोन कोटेशनं आणि गावची डीपी

आमचं गाव हिंगणघाटपासून आत. आतेभावाने नागपूरच्या बर्डीवरच्या दुकानातून गेमिंग पीसीची दोन कोटेशनं आणली आणि माझ्यासमोर टाकली. "दादा, कोनतं घेऊ सांगून दे. कापूस इकला का बाबा पैसे देतो म्हनते."

पहिल्या कागदावर रायझन 5 5600जी प्रोसेसर, बी450 मदरबोर्ड, 8-8 जीबीच्या दोन रॅम, 500 जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी). ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरच्या पोटात वेगा 7 नावाचं ग्राफिक्स आहे तेवढंच. दुसऱ्यावर आय3-12100एफ प्रोसेसर, एच610 बोर्ड, 8 जीबीची एकच रॅम आणि आरएक्स 6600 हे ग्राफिक्स कार्ड. शेवटची ओळ दोन्हीकडे सारखीच: 'कॅबिनेट विथ एसएमपीएस', म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. कंपनीचं नाव नाही, वॅट नाही. दुसरं कोटेशन महाग होतं, पण पोराचा जीव त्या कार्डातच अडकलेला.

नुसते गेम बघायचे तर वादच नाही. 8 जीबी मेमरीचं आरएक्स 6600 फुल एचडीवर बहुतेक मोठे गेम चांगल्या सेटिंगवर खेळवतं. वेगा 7 वर वॅलोरंट मस्त पळतो, जीटीए 5 सेटिंग उतरवून चालतो, आणि सायबरपंक 720 पिक्सेलवर आणला तरी धापा टाकतो. प्रोसेसरकडे बघाल तर आय3 ला 4 कोअर, 5600जी ला 6; पण कार्ड लावल्यावर हा आय3 वाटतो तितका मागे राहत नाही. रॅमची गोष्ट वेगळी. वेगाला स्वतःची मेमरी नसते, तो मुख्य रॅममधूनच खातो, म्हणून दोन रॅम जोडीने लागतात. एकच 16 ची लावणं म्हणजे जोडीच्या वखराला एकच बैल जुंपणं. आणि दुसऱ्या कोटेशनमधली 8 जीबी? आजच्या गेमांना ती पुरत नाही, तिथेही दुसरी घ्यावीच लागेल. म्हणजे ते कागदावर दिसतं त्यापेक्षाही महाग.

पण आपण खेळतो कुठे, ते पण बघा ना. आमच्याकडे थ्री फेज लाईन आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि घरातला बल्ब पिवळा पडतो. दोन वर्षांपूर्वी डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, उडाली. लाईन परत आली ती इतकी जोरात, की माझ्या कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस फट् करून गेला आणि जाताना बोर्डही घेऊन गेला. पंखा बंद, खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास, आणि आई दारात उभी: "मी म्हनत होती ना, रातच्यानं बंद करत जाय."

तेव्हापासून मी आधी शेवटची ओळ वाचतो. एसएमपीएस 550 वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा, 80 प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का). डब्यावर 'इनपुट' काय लिहिलंय ते नक्की बघा. काहींवर 200 ते 240 व्होल्ट असतं, काहींवर 100 ते 240. दुसरा घ्या. संध्याकाळी व्होल्टेज 170 वर आला की पहिल्याचा भरवसा नाही. कार्ड नंतर घेणार असाल तरी त्याची 8 पिनची वायर आत्ताच असू द्या.

यूपीएसचाही हिशोब करा. बाजारातला 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅट देतो. 5600जी आणि मॉनिटर मिळून दीडशे वॅटच्या आसपास, म्हणजे गेम सेव्ह करून बंद करायला वेळ मिळतो. आरएक्स 6600 एकटंच 132 वॅटपर्यंत खातं. बाकी सगळं धरलं की अडीचशेच्या पुढे, आणि जुनी बॅटरी असेल तर लाईन जाताच पीसीही जातो. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर पीसी लावूच नका.

एफचं दुखणं कागदावर कुठे दिसत नाही. 12100एफ मध्ये ग्राफिक्स नाही. कार्ड वॉरंटीला गेलं तर ते येईपर्यंत स्क्रीन काळीच. नागपूरकराला ते दुकान चार चौक पलीकडे. आपल्याला एसटी, एक पूर्ण दिवस, आणि 'पुढच्या आठवड्यात फोन करा'. थोडे जास्त देऊन बिनाएफचा 12100 घेतला तर पोराचा अभ्यास तरी थांबत नाही. 5600जी मध्ये हा प्रश्नच नाही.

तिसरा रस्ताही त्याने विचारला: ऑफिसमधून निघालेला चौथ्या पिढीचा आय5 घेऊन त्यात कार्ड टाकायचं. स्वस्त आहे, खरं. पण विंडोज 11 वर वॅलोरंटला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, ते त्या डब्यांत सहसा नसतं. एसएमपीएसही खास मापाचा, तो गेला की बदली शोधत फिरा.

माझं मत पहिल्याकडे झुकतं, कारण आत्याकडे पैसा दोन हप्त्यांत येतो: काही दिवाळीला, उरलेला संक्रांतीनंतर. आत्ता 5600जी, दोन रॅम, चांगला एसएमपीएस. बी450 जुन्या स्टॉकमधला असेल तर तो 5600जी ओळखावा म्हणून बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट दुकानातच करून, चालू करून दाखवायला सांगा. संक्रांतीनंतर आरएक्स 6600. तेव्हा स्वस्तातल्या आरएक्स 6500 एक्सटीला भुलू नका. पीसीआयई म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता; 5600जी जुन्या, हळू पीसीआयई 3.0 वरच चालतो आणि ते कार्ड त्या रस्त्याच्या फक्त 4 लेन वापरतं, त्यात मेमरी 4 जीबी. गळा दोन्हीकडून आवळला जातो. 6600 ला 8 लेन आहेत, त्याचं फारसं बिघडत नाही. सगळा पैसा आज हातात असेल आणि जीव नव्या मोठ्या गेमांतच असेल, तर दुसरं कोटेशन घ्या, पण एफ काढून, रॅम वाढवून आणि ती शेवटची ओळ बदलून.

कॅबिनेट समोरून जाळीचं घ्या, काचेचं नको. मे महिन्यात 45-46 अंशांत खोलीतली हवाच तापलेली असते, आणि कूलरचा ओला झोत पीसीवर सोडणं हा काही उपाय नाही. माझं कॅबिनेट उघडलं तेव्हा हीटसिंकवर (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांवर) कापसाच्या तंतूंची पातळ गादीच बसलेली होती. घरी सरकी-कापूस साठवत असाल तर महिन्याला ब्रश फिरवा.

आणि कार्ड घ्याल तेव्हा दुकानात बसवून, चालवून बघितलं की काढून परत त्याच्या डब्यात ठेवायला सांगा. हिंगणघाटहून पुढच्या रस्त्यावर एसटी अशी आपटते, की स्लॉटमध्ये लटकलेलं कार्ड घरी पोचेपर्यंत स्लॉट तोडेल. डबा मांडीवर घ्या, मागच्या सीटवर बसू नका.