पद्मिनीच्या वायरिंगमध्ये ‘प्युअर कॉपर’ सांगून ॲल्युमिनियम दिलं, 17,760 रुपये गेले

जुनी गाडी घरी उघडून बसलेल्या सगळ्यांनी हे वाचा. माझी प्रीमियर पद्मिनी आहे, वायरींचं इन्सुलेशन कडक होऊन तुकडे पडत होते म्हणून पूर्ण हार्नेसच, म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींचा तयार जुडगा, बदलायचा ठरवला. गाडीचं उत्पादन बंद होऊन वीस वर्षांवर झाली, म्हणजे शोरूममध्ये काही मिळायचा प्रश्नच नाही, आणि हे लोक नेमकं त्याच्यावरच जगतात.

व्हॉट्सॲपवर विकणारा एक जण भेटला. हार्नेसचे 14,500, कुरिअरचे 650. व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं, कलर कोड बरोबर, लग (वायरच्या टोकाच्या धातूच्या पट्ट्या) बसवलेले, वायरवर ‘कॉपर’ छापलेलं. मी म्हटलं एक टोक सोलून दाखवा, तर म्हणे, "दादा, टोक कापलं की पीस खराब, मग दुसऱ्याला कसा विकू?" इथेच थांबायला हवं होतं!! पण बोलणं पटण्यासारखं होतं, कुणीही मानलं असतं. नंतर जीएसटीचे म्हणून 2,610 मागितले, तेही वेगळ्या यूपीआय आयडीवर, कुठल्यातरी बाईच्या नावाचा. तोपर्यंत कुरिअरची पावती हातात होती, मी काय पार्सल सोडून देणार होतो का? बिल आजपर्यंत आलेलं नाही. जीएसटी घेतो आणि बिल देत नाही तो चोरच, लिहून ठेवा.

सगळं बसवलं, हेडलाइट लावले आणि डॅशखालून जळका वास. फ्यूज शाबूत! उडणार कसा, करंट जास्त नव्हताच, लगजवळचा जॉइंट तापत होता. ब्लेडने वायर खरवडली तर वर तांब्याचा मुलामा आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. असली वायर त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा कमी करंट नेते आणि क्रिम्पमध्ये, म्हणजे लग दाबून बसवतात तिथे, हळूहळू सैल पडते. पेट्रोल गाडीत हे, विचार करा.

फोन केला तर ब्लॉक. चौकीत गेलो तर "माल मिळाला ना? मग हे सिव्हिल मॅटर." अहो, खोटं सांगून पैसे घेतले, भारतीय न्याय संहितेत कलम 318 मग कशासाठी आहे? साधा अर्ज घेऊन पोच द्यायलाही खळखळ. सायबरवाले म्हणे हे ग्राहक तक्रारीत जातं, ग्राहक हेल्पलाइन म्हणे बिल द्या, बँक म्हणे पिन तुम्हीच टाकला. म्हणजे फसवणारा मोकळा आणि पुरावे गोळा करत मी फिरतोय! एकानेही सांगितलं नाही की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात केस करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. मला ते स्वतः शोधावं लागलं, आता तिथेच चाललोय.

पार्सल हलकं लागलं तर आधी वजन करा, तांबं ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड असतं. बारीक तारेला लायटर धरा, लगेच वितळून गोळा झाली तर परत पाठवा. नुसती पांढरी दिसली म्हणून मात्र घाबरू नका, कथिल चढवलेलं चांगलं तांबंही पांढरंच दिसतं, खरवडून बघा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. आणि ज्यांनी असा हार्नेस आधीच घातलाय त्यांनी आज बॅटरीची वायर काढून ठेवा, आणि चॅट डिलीट करू नका.