बाळाला गोड कधीपासून: उष्टावण, पहिला वाढदिवस की दोन वर्षं पूर्ण झाल्यावर?

बाळ सहा महिन्यांचं होत आलं की घरात या विषयावर बोलणं सुरू होतंच. आजी म्हणते, चिमूटभर गूळ घातला तर कुठे काय बिघडतं, आम्ही सगळे तसेच वाढलो. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, दोन वर्षं साखर नको. शेजारची सांगते, आमच्याकडे पहिल्या वाढदिवसापर्यंत थांबलो. नवी आई या सगळ्यांच्या मधोमध सापडते. म्हणून या तीन वाटा शेजारी शेजारी मांडून बघू. माझा कल आधीच सांगते: दोन वर्षांच्या वाटेकडे. पण ती वाट रोजच्या ताटासाठी हवी. सणासुदीच्या एका घासासाठी घरात भांडण व्हावं असं मला अजिबात वाटत नाही.

तुलनेआधी दोन गोष्टी बाजूला काढते, कारण त्यांत निवडीला जागाच नाही.

पहिली, मध. वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. आधी बद्धकोष्ठता होते, मग रडणं क्षीण होतं, बाळ दूध ओढेनासं होतं, अंग सैल पडतं. हे क्वचित घडतं, पण घडलं तर थेट दवाखान्यात दाखल करावं लागतं. घरी उकळून किंवा शिजवून हे बीजाणू मरत नाहीत, त्यामुळे ‘शुद्ध’, ‘गावाकडचा’, ‘जंगलातला’ मध असला तरी फरक पडत नाही. जन्मल्यावर सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची रीत तुमच्या घरात असेल, तर अंगठीला आईच्या दुधाचा थेंब लावा. रीतही होते, धोकाही टळतो.

दुसरी, घशात अडकणारं गोड. चिक्की, खडीसाखरेचा खडा, शेंगदाण्याचा अख्खा दाणा असलेला लाडू, कडक गोळ्या, जेलीच्या चकत्या चार वर्षांपर्यंत नकोत. बोरन्हाणात तर जास्तच डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. बाळ पाटावर बसलेलं असतं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा, गोळ्या, चॉकलेटं पडत असतात, भोवतीची मुलं गोळा करायला झेपावतात आणि त्या गडबडीत बाळाने हलव्याचा दाणा किंवा बोर तोंडात टाकलेलं कुणाच्या लक्षातही येत नाही. फक्त चुरमुरे, फुलांच्या पाकळ्या आणि मऊ फुगे वापरूनही बोरन्हाण तितकंच देखणं होतं. फुगा फुटला तर तुकडे मात्र लगेच उचला. हलव्याचे दागिने अंगावर घालायचे असतील, तर दोरा पक्का आहे ना बघा आणि फोटो झाले की उतरवून ठेवा.

पहिली वाट: उष्टावणापासूनच थोडं थोडं

मामाच्या मांडीवर बाळ, चांदीची वाटी, तांदळाची खीर, चमच्याच्या टोकावर जेमतेम दोन थेंब. त्या दोन थेंबांतल्या साखरेने बाळाला काहीही होत नाही. तेवढ्यासाठी कुणी मामाचा हात धरू नये.

अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते. खीर आवडली म्हणून नाचणीच्या सत्त्वात गूळ पडतो, रव्याच्या पेजेत साखर पडते, संध्याकाळी दुधात भिजवलेलं बिस्किट येतं. प्रत्येक वेळी ‘एकच चमचा’. आता हिशेब करू. चहाचा एक सपाट चमचा साखर म्हणजे 4 ते 5 ग्रॅम. दिवसातून तीनदा गेली तर साधारण 15 ग्रॅम, म्हणजे 60 कॅलरी. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून दिवसाला साधारण 300 कॅलरी लागतात. म्हणजे बाळाच्या खाण्याचा पाचवा हिस्सा निव्वळ साखरेने भरला. आणि याच महिन्यांत आईच्या दुधातलं लोह पुरेनासं झालेलं असतं, डाळ, अंडं, पालेभाजी पोटात जायची गरज सगळ्यात जास्त असते. एवढ्याशा पोटात जागा किती असणार?

या वाटेच्या बाजूने एक मुद्दा नेहमी येतो: गोड घातलं की बाळ खातं. ते खरं आहे. गोडाची आवड बाळ जन्मतःच घेऊन येतं. आईचं दूधच गोडसर असतं, त्यात सुमारे 7 टक्के लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असते. म्हणूनच गोडाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. ओळख करून द्यावी लागते ती दोडक्याची, मेथीची, मुगाच्या वरणाची. नवी चव बाळ पहिल्यांदा थुंकतं, तोंड वाकडं करतं. आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा तीच चव समोर आली की मग घास गिळायला लागतं. दर वेळी गूळ घालून ती चव झाकली, तर ही शिकवणी होतच नाही.

‘बाळाचं वजन भरत नाही म्हणून साखर घालते’ असं सांगणाऱ्या आया मला भेटतात, आणि त्यांची काळजी अगदी खरी असते. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं: 5 ग्रॅम साखरेत 20 कॅलरी, 5 ग्रॅम तुपात 45. मऊ भातावर, खिमटीवर चमचाभर तूप किंवा तेल घाला. शेंगदाण्याचं किंवा तिळाचं बारीक कूट शिजवतानाच पेजेत मिसळा. वजन वाढवायला साखरेपेक्षा हे कितीतरी कामाचं आहे. आणि वजन खरंच अडलं असेल, तर डॉक्टरांना किंवा अंगणवाडीत दाखवून तक्त्यावर नोंद करून घ्या, अंदाजावर राहू नका.

दुसरी वाट: पहिल्या वाढदिवसानंतर

ही वाट बहुतेक घरांना जमते, आणि तिचे फायदे आहेतच. मधाचा धोका संपलेला असतो, गाईचं दूध चालू झालेलं असतं, बाळ घरच्यांच्या ताटातलं खायला लागलेलं असतं. एव्हाना भाज्या-डाळींच्या चवी थोड्याफार बसलेल्या असतात.

पण एक ते दोन या वयातच मुलं खाण्याचे नखरे सुरू करतात. वाढ जरा मंदावते, भूक कमी होते, ‘नको’ म्हणायला जमायला लागतं. नेमक्या याच वेळी घरात गोडाचा डबा उघडला, तर पोळी-भाजीला नकार आणि बिस्किटाला होकार असा व्यवहार फार लवकर पक्का होतो. वाढदिवसाचा केक बाळाने एकदा चाटला तर माझी हरकत नाही. वाढदिवसानंतर ‘आता चालतं’ म्हणून रोजच्या दुधात साखर सुरू होते, तिला आहे.

या वयाबद्दल ब्रिटनमधला एक अभ्यास आवर्जून सांगण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धापासून तिथे साखर रेशनवर होती. 1953 च्या सप्टेंबरमध्ये रेशन उठलं आणि साखरेचा खप झपाट्याने वाढला. रेशन उठण्याच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्या लोकांची पुढच्या आयुष्यातली तब्येत संशोधकांनी ताडून पाहिली. 2024 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या निष्कर्षानुसार, गर्भात आणि पहिल्या एक-दोन वर्षांत रेशनची साखर वाट्याला आलेल्यांमध्ये मधुमेहाचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे 20 टक्क्यांनी कमी आढळला. मला यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. रेशनमध्ये साखर बंद नव्हती, मोजून मिळत होती. म्हणजे एखादा घास गेला म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. मधुमेह घराघरांत असलेल्या आपल्यासारख्यांनी मात्र रोजचं माप हातात ठेवायलाच हवं.

तिसरी वाट: दोन वर्षं पूर्ण झाल्यावर

सध्याचा वैद्यकीय सल्ला या बाजूचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 6 ते 23 महिन्यांच्या बाळांना जास्त साखरेचे पदार्थ आणि गोड पेयं देऊ नयेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2016 मध्ये हेच सांगितलं आणि दोन वर्षांनंतर 18 वर्षांपर्यंत दिवसाला 25 ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत राहा असं म्हटलं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अॅकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सने, दोन वर्षांच्या आत फळांचा रसही नको, अख्खं फळ द्या, असं म्हटलं आहे.

ही वाट अवघड आहे ती माणसांमुळे. एकत्र कुटुंब, पाळणाघर, मोठं भावंड, देवळातला प्रसाद, मंगळवारी पेढा घेऊन येणारे काका. मोठी ताई चॉकलेट खात असताना धाकट्याला गाजर देणं हे कागदावर सोपं आहे. म्हणून नियम थोडा आणि स्पष्ट ठेवा: बाळाच्या रोजच्या दुधात, पेजेत, पाण्यात साखर-गूळ नाही; घरात बिस्किटाचा पुडा बाळासाठी म्हणून येणार नाही; प्रसादाचा कण आणि सणाचा घास चालेल. आजीला ‘तुम्ही चुकताय’ म्हणण्यापेक्षा ‘आई, डॉक्टरांनी दोन वर्षं सांगितलंय, तोवर तुमच्या हातचा साधा मऊ भात-तूप-मेतकूट भरवा’ म्हटलं, तर बहुतेक आज्या ऐकतात. त्यांना नातवाला भरवायचं असतं. काय भरवायचं ते ठरवून दिलं की झालं. मेतकुटात मीठ असतं, तेवढं मात्र वर्षानंतर आणि चिमूटभरच.

गूळ, खजूर की साखर?

हा प्रश्न वयापेक्षाही जास्त विचारला जातो. गूळ बाळाच्या शरीरात साखरेसारखाच वागतो. त्यात थोडं लोह असतं, पण बाळाला देण्याजोग्या एका चमच्यातून मिळणारं लोह नाममात्र. खडीसाखर ही साखरच. खजुराचं सिरप, मध, फळांचा रस हेही जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ‘मोकळ्या साखरेत’च, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्या गटातच, मोजले जातात. अख्खं फळ मात्र त्यात नाही, कारण त्याच्या चोथ्यासकट साखर हळू पोटात जाते. केळं, चिकू, पपई, आंबा कुस्करून द्या. बी काढून, भिजवून, बारीक केलेला अर्धा खजूर पेजेत कधीमधी ठीक आहे. तो दाताला चिकटतो, म्हणून नंतर पाणी पाजा.

पुड्यातल्या पदार्थांत तर पुढची बाजू वाचण्यात अर्थच नाही, मागची वाचा. साखर, सुक्रोज, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन ही नावं घटकांच्या यादीत पहिल्या तीन-चारांत असतील, तर पुडा परत ठेवा. ग्लुकोज बिस्किटात वजनाच्या साधारण पाव हिस्सा साखर असते. एप्रिल 2024 मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने दाखवलं, की नेस्लेच्या भारतातल्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या वाटीत सरासरी जवळपास 3 ग्रॅम साखर घातलेली होती आणि युरोपातल्या बाळांच्या तशाच पदार्थांत ती नव्हती. त्यावर बराच गदारोळ झाला आणि पुढे साखरविरहित प्रकारही बाजारात आले. पण मला वाटतं, घरी भाजून दळलेलं तांदूळ-मुगाचं पीठ हाताशी असेल, तर हा प्रश्न पडायचाच नाही.

दात, आणि सवय लागलीच असेल तर

पहिला दात साधारण सहाव्या महिन्याला दिसतो आणि तेव्हापासून दाताला कीड लागू शकते. किती साखर गेली याइतकंच ती किती वेळा गेली हे महत्त्वाचं. रात्री साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात सगळ्यात आधी काळे पडतात. म्हणून दोन वर्षांनंतर गोड द्यायला लागाल, तेव्हा ते जेवणासोबत द्या, दिवसभर थोडं थोडं चघळायला नको. ‘भाजी संपव मग चॉकलेट’ हा सौदाही करू नका; त्यात भाजी शिक्षा ठरते आणि चॉकलेट बक्षीस. शिऱ्याची मूद ताटातच वाढा, पोळीच्या शेजारी, आणि ती आधी खाल्ली तरी काही म्हणू नका.

ज्या घरात दुधात साखर आधीच सुरू आहे, तिथे एकदम बंद केली तर मूल दूधच सोडतं आणि चार दिवसांनी साखर परत येते. त्यापेक्षा चमच्यातली थोडी थोडी कमी करत चला: आठवडाभर पाऊण, मग अर्धा, मग पाव. कप तोच ठेवा, वेळ तीच ठेवा, आणि साखर बाळासमोर घालू नका. मधल्या काळात मूल एखाद्या दिवशी कप अर्धा टाकेल, टाकू द्या. त्या दिवशी जेवणात दही किंवा ताजं पनीर वाढा.