घटस्फोटाच्या वकिलाची फी: कोणती पद्धत किती जाच देते

घटस्फोटात आकडा मोठा असला तरी माणूस तो कसाबसा जुळवतो. झोप उडते ती पुढची मागणी कधी आणि किती येईल याचा अंदाज नसला की. या कसोटीवर तासाच्या दराची पद्धत सर्वांत खाली येते.

या पद्धतीत अनेक कार्यालयं ६ मिनिटांच्या, म्हणजे तासाच्या दहाव्या भागाच्या हिशेबाने वेळ लावतात. २ मिनिटांचा फोन ६ मिनिटांत मोजला जातो. असे १० फोन झाले, की बोलणं २० मिनिटांचं आणि बिल अख्ख्या तासाचं. मग पक्षकार फोन करणंच टाळतो, एखादी नोटीस किंवा जुनं कर्ज सांगायचं राहून जातं आणि ते उलटतपासणीत बाहेर येतं. वाचवलेल्या फोनपेक्षा हे फार महाग पडतं. त्यापेक्षा आठवड्याचे प्रश्न एका मेलमध्ये पाठवावेत, कागद तारखेप्रमाणे लावून क्रमांक घालूनच द्यावेत (गठ्ठा सोडवण्याचाही वेळ लागतो आणि तो बिलात येतो), साधी कामं ज्युनियरच्या दराने होतील का हे विचारावं. दर महिन्याला तारीख, काम आणि मिनिटं लिहिलेलं बिल मागावं. एक गोष्ट मात्र हातात राहत नाही. समोरच्याने अर्जावर अर्ज टाकले, तर उत्तरांचा खर्च आपल्याच माथी.

सुरुवातीला घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे एकूण फी नव्हे. हा गैरसमज नेमका पुराव्याच्या टप्प्यावर फुटतो. शिल्लक किती उरली की भर घालायची आणि न वापरलेले पैसे परत मिळणार का, हे पहिल्याच दिवशी लेखी घ्यावं.

ठोक फी परस्परसंमतीला उत्तम, पण मुलं, पोटगी आणि मालमत्ता यांवर आधीच एकमत असेल तरच. एकाने संमती मागे घेतली की करार कुठे थांबतो, ते कलम आधी वाचावं. कोर्ट फी, टायपिंग, मूल्यांकन आणि प्रवास बहुधा ठोक रकमेबाहेर असतात.

लढून घ्यायच्या घटस्फोटाला टप्प्यांची फी सर्वांत कमी जाचाची. अर्ज किंवा लेखी जबाब, अंतरिम पोटगी व मुलांच्या भेटीचे अर्ज, पुरावा, युक्तिवाद, असे वेगळे आकडे ठरवता येतात. अपील यात येत नाही, तेही लिहून घ्यावं. प्रत्येक तारखेला फी असेल तर सावध राहा: कामकाज न होता तारीख पुढे गेली तर अर्धीच किंवा शून्य, असं ठरवून घ्या. तारखेवर तारीख पडली की खर्च इथेच फुगतो.

मिळालेल्या पोटगीतून टक्का देण्याचा प्रस्ताव आला तर उठून यावं. भारतात बार कौन्सिलचे नियम निकालावर अवलंबून फी ठरवायला मनाई करतात आणि अमेरिकन बार असोसिएशनचा नमुना नियम १.५ घटस्फोटात तेच सांगतो.

वकील बदलायची वेळ आली तर फाइल हाच कळीचा मुद्दा. काही देशांत फी थकली म्हणून कागद अडवता येतात, भारतात मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये वकिलांचा असा हक्क नाकारला. तरीही मूळ कागद आपल्याकडे ठेवून वकिलाला प्रतीच द्याव्यात. मूळ प्रत लागेल त्या दिवशी नेऊन दाखवावी.