लंडन, वायोमिंग, टॅलिन की सिंगापूर: छोट्या धंद्याची कंपनी कुठे काढावी?

परदेशात कंपनी काढणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. फॉर्म भरा, पैसे भरा, काही दिवसांत प्रमाणपत्र ई-मेलवर. नोंदणी करून देणारे एजंट ‘शून्य टॅक्स’ मोठ्या अक्षरात लिहितात आणि दरवर्षी भरायच्या कागदांची यादी कुठेतरी तळाशी टाकतात. म्हणून मी तळापासून सुरुवात करतो.

एक भ्रम आधीच काढून टाकू. कंपनीची नोंदणी एका देशात, पण मालक दुसऱ्याच देशात बसून एकटा सगळे निर्णय घेतो, असं असेल तर बरेच देश ‘ही कंपनी खरी चालते कुठून?’ असं विचारतात. उत्तर ‘माझ्या टेबलावरून’ असेल, तर मालकाच्या देशाचा कर त्या कंपनीलाही लागू होऊ शकतो. शिवाय २०१७-१८ पासून शंभरच्या आसपास देश बँक खात्यांची माहिती आपसांत आपोआप देतात. लपवायला जागा फारशी उरलेली नाही, आणि असती तरी तो या लेखाचा विषय नव्हता.

मग कंपनी काढायची कशासाठी? ग्राहक त्याच्या देशातल्या किंवा ओळखीच्या कायद्याखालच्या कंपनीशीच करार करतो म्हणून. हवा तो पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घ्यायची सेवा) तुमच्या देशात चालत नाही म्हणून. किंवा गुंतवणूकदाराची अट आहे म्हणून. यातलं एकही कारण नसेल तर सध्याच्याच धंद्यातून परदेशी इन्व्हॉइस काढा. नवी कंपनी म्हणजे दुसरी वही, दुसरा अकाउंटंट, दुसरी मुदत.

पहिल्यांदा काढणारे बहुतेकजण ब्रिटनची लिमिटेड कंपनी आणि अमेरिकेची एलएलसी (मालकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारी छोटी कंपनी) यांच्यात अडकतात, म्हणून इथे जरा थांबतो.

ब्रिटनमध्ये नियम सरळ, इंग्रजीत आणि सगळे सापडण्यासारखे. संचालक कुठल्याही देशात राहणारा चालतो. ऑनलाइन नोंदणीची फी वर्षानुवर्षं १२ पौंड होती. मे २०२४ मध्ये एकदम ५० झाली आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये १००, तेव्हा जुन्या लेखांतले आकडे धरून बसू नका. नोंदणीकृत पत्ता तिथलाच लागतो आणि मार्च २०२४ पासून नुसता पोस्ट बॉक्स चालत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून संचालकांची ओळख पडताळणीही सक्तीची झाली आहे. कर ५०,००० पौंडांपर्यंतच्या नफ्यावर १९ टक्के, अडीच लाखांच्या वर २५ टक्के, आणि मधल्या पट्ट्यात हळूहळू चढत जाणारा.

खरी मेख आहे वार्षिक हिशेबाची. वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत हिशेब कंपनी रजिस्ट्रारकडे गेले नाहीत, तर दंड १५० पौंडांपासून सुरू होतो आणि सहा महिन्यांच्या पुढे १,५०० होतो. लागोपाठ दोन वर्षं उशीर झाला तर दुप्पट. धंदा शून्य असला तरी हिशेब द्यावेच लागतात. तुमचं नाव, जन्माचा महिना आणि वर्ष रजिस्टरवर कुणालाही दिसतं. काहींना हे खटकतं, मला ते फायद्याचं वाटतं, कारण नवा ग्राहक दोन मिनिटांत खात्री करून घेतो. आणखी एक फारसं न सांगितलं जाणारं: तिथल्या धंद्यांना ९०,००० पौंडांच्या उलाढालीपर्यंत व्हॅट (विक्रीवरचा कर) नोंदणीतून सूट आहे, पण ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष ठाणं नसलेल्या धंद्याला ती सूट मिळत नाही. तिथे व्हॅटपात्र विक्री असेल, तर हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारा.

अमेरिकेतली एलएलसी वरून याहून हलकी दिसते. वायोमिंग राज्यात वार्षिक फी किमान ६० डॉलर, डेलावेअर राज्यात ३०० डॉलर आणि ती १ जूनच्या आत. एकच परदेशी मालक असेल तर केंद्रीय आयकर खातं एलएलसीला वेगळं धरत नाही. नफा थेट मालकाचा. काम अमेरिकेबाहेर होत असेल, तिथे ऑफिस किंवा माणसं नसतील, तर बहुधा केंद्रीय आयकर लागत नाही. ‘शून्य टॅक्स’ म्हणतात ते हेच.

पण कर नाही म्हणजे रिटर्न नाही, असं नव्हे. मालक आणि एलएलसी यांच्यात पैशांची देवघेव झाली, अगदी तुम्ही भांडवल घातलंत तरी, त्या वर्षी फॉर्म ५४७२ भरावा लागतो, सोबत ११२० या फॉर्मचं (कंपनीच्या आयकर रिटर्नचं) जवळजवळ कोरं पान. चुकलात तर दंड २५,००० डॉलर. साठ डॉलरच्या फीवर खूश झालेल्या माणसाला हा आकडा सांगितला की तो फोनवर गप्प होतो, असा माझा अनुभव. दुसरी गुंतागुंत अशी की अमेरिका जिला वेगळी कंपनी मानत नाही, तिला तुमचा देश कंपनी मानू शकतो. मग तोच नफा दोन्हीकडे दोन वेगळ्या नावांनी मोजला जातो. दोन्ही बाजू कळणारा अकाउंटंट स्वस्तात मिळत नाही.

डेलावेअरच्या नावाला भुलू नका. तिथलं खास कंपनी न्यायालय आणि जुना कायदा मोठ्या कॉर्पोरेशनना आणि गुंतवणूकदारांना हवा असतो. एकट्या सल्लागाराला त्यातून जास्तीची फी तेवढी मिळते.

टॅलिन ज्याची राजधानी, त्या एस्टोनियाची गोष्ट वेगळी. डिसेंबर २०१४ पासून हा देश परदेशी माणसाला डिजिटल ओळखपत्र देतो. त्याने घरबसल्या कंपनी काढता येते, सही करता येते. कार्ड घ्यायला मात्र बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. हा व्हिसा नाही, नागरिकत्व नाही, आणि त्याने तुम्ही कराच्या दृष्टीने तिथले रहिवासीही ठरत नाही. फेब्रुवारी २०२३ पासून अडीच हजार युरोंच्या किमान भांडवलाची अटही गेली. नफा कंपनीतच ठेवला तर कर शून्य. वाटला की कर लागतो, २०२५ पासून २२/७८ या हिशेबाने: हातात ७८ युरो पडले तर २२ युरो सरकारला. नफा पुन्हा धंद्यात घालणाऱ्याला हे छान आहे. दरमहा घरखर्चाला पैसे काढणाऱ्याला यात काही नाही. आणि सुरुवातीचा तो प्रश्न, कंपनी चालते कुठून, इथे सगळ्यात जास्त बोचतो.

सिंगापूर बाकी तिघांपेक्षा महाग. निदान एक संचालक तिथे राहणारा हवाच, म्हणजे बहुतेकांना भाड्याचा संचालक घ्यावा लागतो. सहा महिन्यांत कंपनी सेक्रेटरी (कंपनीचे कायदेशीर कागद सांभाळणारा) नेमायचा. आणि परदेशी माणसाला नोंदणी एजंटमार्फतच करावी लागते. कराचा दर १७ टक्के, पहिली तीन वर्षं नव्या कंपन्यांना पहिल्या एक लाख सिंगापूर डॉलरवर ७५ टक्के सूट. आशियात खरीच माणसं, खरंच ऑफिस असेल तर उत्तम. लॅपटॉपएवढ्याच धंद्याला नाही. हाँगकाँगमध्ये पहिल्या वीस लाख हाँगकाँग डॉलरवर ८.२५ टक्केच कर, पण चालू कंपनीला ऑडिट दरवर्षी. ब्रिटिश व्हर्जिन बेटांसारख्या ठिकाणांबद्दल एवढंच: कंपनी निघेल, बँक खातं उघडेल का ते आधी बघा.

खात्याचा प्रश्न खरं तर चौघांनाही आहे. कंपनी नोंदली म्हणजे बँकेने खातं द्यायलाच हवं असं नसतं. मालक कुठे राहतो, ग्राहक कोण, करार कुठे आहेत, हे विचारलं जातं. म्हणून नोंदणीआधी दोन ठिकाणी विचारून घ्या, आणि हातात एखादा सही झालेला करार असू द्या.

मी स्वतः कसं ठरवेन? ग्राहक ब्रिटन-युरोपात आणि उलाढाल मध्यम असेल तर ब्रिटन. ग्राहक किंवा पेमेंटची सोय अमेरिकेतच अडत असेल तर वायोमिंगची एलएलसी, पण पहिल्याच दिवशी ५४७२ भरणारा माणूस ठरवून. नफा दोन-तीन वर्षं कंपनीत ठेवायची तयारी असेल आणि घरच्या देशाचा नियम आड येत नसेल, तर एस्टोनिया. एजंटला मात्र पहिल्या वर्षाचा खर्च विचारू नका, तो सगळेच कमी सांगतात. तिसऱ्या वर्षी एकूण बिल किती येईल, आणि कंपनी बंद करायला किती महिने आणि किती पैसे लागतील, हे लेखी मागा.